आधीच एका कुटुंबात

"'हा सदस्य आधीच एका कुटुंबात आहे,'" ऋचाने फोनवरचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि हसत सुटली. "आई, आजोबांचं आधीच एक कुटुंब आहे म्हणे!"

"नीट बघ. नंबर चुकला असेल."

"दोनदा टाकलाय."

मी फोन तिच्या हातातून घेतला आणि एकेक आकडा तोंडाने म्हणत तिसऱ्यांदा टाकला. पुन्हा तेच वाक्य आलं. खाली एक बारीक ओळ होती : 'अधिक माहितीसाठी आमच्याशी संपर्क साधा.'

ही गोष्ट फेब्रुवारी २०१९ मधल्या एका रविवार सकाळची. तीन आठवड्यांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. अण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सातारा स्टँडवर कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे कर्ण्यावरून सांगणारा आवाज वीस वर्षं त्यांचा होता. आई गेल्यापासून ते सदरबझारातल्या त्यांच्या जागेत एकटे राहत. आम्ही शाहूपुरीत, दहा मिनिटांवर. त्यांचा रेडिओ दिवाळीत कायमचा बंद पडला होता आणि मला वाटलं, आता नवा रेडिओ कशाला, त्यांना गाण्यांच्या एखाद्या अ‍ॅपची वर्गणी भेट द्यावी. सगळं एका ठिकाणी मिळतं, हवं ते लावता येतं.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. फ्रिज घ्यायचा झाला तरी मी आधी तक्ता करते. इथेही केला. तीन अ‍ॅप निवडले : झंकार, स्वरपेटी आणि ट्यूनघर. तिन्हींचाही पहिला महिना फुकट होता. आडव्या रांगांत जुनी मराठी गाणी किती, आवाज कसा, नेट नसताना वाजतं का, मध्ये जाहिराती येतात का, असं सगळं लिहिलं. अण्णांच्या आवडीची वीस गाणी काढली आणि तिन्हीकडे शोधायला बसले. तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. झंकारवर एकोणीस सापडली, पण त्यांतली सहा भलत्याच कोणीतरी पुन्हा म्हटलेली. स्वरपेटीवर बाराच, पण बाराही अस्सल. ट्यूनघरवर गाणं खरं असायचं आणि गाणाऱ्याचं नाव खोटं. एका भजनाखाली चक्क 'पार्टी मूड' लिहिलं होतं. आज दिसलेलं गाणं उद्या गायब व्हायचं, म्हणून मी भरलेला तक्ता दर दोन दिवसांनी खोडत होते.

"एक काहीतरी घे आणि मोकळी हो," निरंजन म्हणाला. निरंजन माझा नवरा.

शेवटी झंकार घ्यायचं ठरवलं, कारण त्यांची कुटुंब योजना होती. एकाच वर्गणीत सहा माणसं. मी, निरंजन, ऋचा, वाईला असणाऱ्या माझ्या सासूबाई आणि अण्णा.

"पाच झाले. सहावं कोण?" निरंजनने विचारलं होतं.

"कोणी नाही," म्हणून मी त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.  मला एक मोठा भाऊ आहे, श्रीरंग. तो बडोद्याला असतो. २००८ साली आई गेली तेव्हा अण्णांनी त्याच्याशी संबंध तोडले, आणि माझेही तुटले. आमच्या घरात माणसं मोजताना त्याचं नाव घ्यायची पद्धत राहिली नव्हती.

तर त्या रविवारी मी झंकारच्या मदत क्रमांकावर फोन लावला. अर्धा तास गाणं ऐकवल्यावर एक मुलगी बोलायला आली.

"मॅडम, त्या नंबरवर आमची दुसरी कुटुंब योजना चालू आहे."

"कोणाची?"

"ते आम्ही सांगू शकत नाही."

"अहो, ते माझे वडील आहेत. ते एकटे राहतात. त्यांना कुठलं कुटुंब असणार?"

"मॅडम, आमच्या नियमानुसार एक व्यक्ती एका वेळी एकाच कुटुंबात राहू शकते. त्यांना आधी तिकडून बाहेर पडावं लागेल."

निरंजनला वाटलं, कोणीतरी अण्णांचा नंबर चोरलाय. त्या वर्षी असले प्रकार रोज पेपरात येत. मला रात्रभर तेच वाटत राहिलं. सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी थेट सदरबझारात गेले.

अण्णा चहा टाकत होते. फोन बाहेरच्या खोलीत टीपॉयवर होता. बँकेचे मेसेज बघायच्या निमित्ताने मी अधूनमधून त्यांचा फोन हातात घेत असे, त्यामुळे त्यांना काही वेगळं वाटण्यासारखं नव्हतं. मी उघडला. पहिल्याच पानावर झंकारची खूण होती. आत अण्णांचं नाव, दिगंबर साबणे, आणि त्याखाली : 'कुटुंबप्रमुख : मिठू.'

मिठू! ना आडनाव, ना फोटो. फोटोच्या जागी एक टोपी घातलेलं मांजर.

खाली गाण्यांची एक यादी होती. तिचं नाव 'फलाट क्रमांक चार'. दोनशेच्या वर गाणी. पहिली दोन अण्णांची, म्हणजे ते दाढी करताना म्हणायचे ती. तिसरं कोरियन भाषेतलं. मग एक अभंग. मग पुन्हा कोरियन, आणि त्यानंतर एक इंग्रजी. मी ते लावून पाहिलं, त्यात कोणीतरी नुसतं ओरडत होतं, आणि तो आवाज ऐकून अण्णा स्वयंपाकघरातून चिमट्यासकट बाहेर आले.

"ठेव तो."

"अण्णा, हे काय आहे?"

"गाणी आहेत."

"कोरियन?"

"बरी असतात ती," ते म्हणाले आणि फोन माझ्या हातातून काढून सदऱ्याच्या खिशात टाकला. अण्णांनी माझ्या हातातून आजवर काही ओढून घेतलं नव्हतं.

"मिठू कोण?"

"कोण मिठू?"

"तुमच्या कुटुंबप्रमुखाचं नाव मिठू आहे, अण्णा. तुम्ही कोणाच्या तरी कुटुंबात आहात."

"कुटुंब नाही गं, योजना आहे ती. तू शिकलेली ना? चहा उकळतोय." ते आत गेले आणि गॅस बंद केल्यावरही बराच वेळ आतच थांबले.

मला त्या दिवशी त्यांच्याकडून एवढंच मिळालं. बाहेर पडताना शेजारच्या भोईटेकाकू जिन्यात भेटल्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, अण्णांकडे हल्ली कोणी येतं-जातं का?

"येत कोणी नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. "पण पाच वाजले की दार लावून घेतात. आणि हसतात. मी आधी म्हटलं, टीव्ही असेल. पण टीव्हीला कोणी उत्तर देतं का? परवा तर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी वाटीभर शिरा घेऊन गेले तर दार अर्धंच उघडून वाटी घेतली."

घरी येऊन मी निरंजनला सांगितलं. तो ताटात भात कालवता कालवता म्हणाला, "बाई असेल."

"काहीतरीच बोलू नको."

"का? पंचाहत्तराव्या वर्षी माणसाने बोलू नये कोणाशी? हास्य क्लबात असेल कोणी. मिठू नाव गोड आहे."

"आणि ती कोरियन गाणी ऐकते?"

 ऋचा म्हणाली, आजोबांना कोणीतरी फसवतंय, अशा टोळ्या असतात, आधी मैत्री करतात. मंगळवार आणि बुधवार माझे असे गेले की वर्गात फळ्यावर मी एकच समीकरण दोनदा सोडवलं आणि दोन वेगळी उत्तरं काढली. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. अण्णांची बाई असेल तर मला आनंद व्हायला हवा होता की राग यायला हवा होता, तेही मला समजत नव्हतं. टोळी असेल तर पोलिसांत जायचं होतं. पण टोळीशी बोलायला माणूस शर्टाला इस्त्री कशाला करेल?

गुरुवारी शेवटचा तास मी दुसऱ्या बाईंना दिला आणि पाचला पाच कमी असताना अण्णांच्या दाराशी उभी राहिले. माझ्याकडे किल्ली असते. मी कुलपात घातली आणि थांबले, कारण आतून आवाज यायला लागला होता.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." तो स्टँडवरचा आवाज होता. सतरा वर्षांनी मी तो ऐकत होते, तसाच संथ, तोच 'द्यावे'वर जरासा टेकणारा. "फलाट क्रमांक चारवर कोरियाहून मिठूताईंनी पाठवलेली गाडी लागलेली आहे. ही गाडी साडेतीन मिनिटांनी सुटेल. वाटेत कुठेही थांबणार नाही. प्रवाशांनी नाचताना पंख्याला हात लागणार नाही याची काळजी घ्यावी."

पलीकडून कोणीतरी खदखदा हसलं. लहान मुलीचं हसणं.

"आजोबा, आता तुमची गाडी!"

मी दार उघडलं. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून मागे वळवलेले, आणि फोन समोर पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला. मला बघून ते उठले नाहीत. फोनकडे त्यांचा हात गेला आणि मध्येच थांबला.

फोनच्या काचेत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. दातांना तार लावलेली, कपाळावर हेडफोन चढवलेला. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"हेमाआत्या?" ती म्हणाली. "पण तू तर सहाला सुटतेस ना?"

 मी मूर्खासारखं विचारलं, "तुझं नाव काय?"

"मिठू. म्हणजे शाळेत मृण्मयी."

"मृण्मयी काय?"

"मृण्मयी श्रीरंग साबणे," तिने हजेरी देताना सांगतात तसं पूर्ण सांगितलं. मग अण्णांकडे बघून तिचा चेहरा उतरला. "आजोबा, मी नंतर करू?"

"कर," अण्णा म्हणाले, आणि काच काळी झाली.

दादाला मुलगी झाली हे मला मावशीकडून कळलं होतं. आई गेली त्याच हिवाळ्यात. नाव मी विचारलं नव्हतं.

मी दिवाणावर बसले. अण्णांनी मला पाणी आणून दिलं नाही की बस म्हटलं नाही. ते फोनकडेच बघत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. लँडलाइनवर फोन आला एकदा. म्हणाली, मला शाळेत आजोबांच्या नोकरीवर दहा ओळी लिहायच्यात. मी म्हटलं, राँग नंबर, आणि ठेवला. परत वाजला. म्हणाली, राँग नंबर असला तरी चालेल, तुम्ही काय नोकरी करायचात ते सांगा." ते थोडंसं हसले. "सांगितल्या मग दहा ओळी. तिने पंधरा लिहून घेतल्या."

"आणि दादा?"

"तो बोलत नाही. ती बोलत असते तेव्हा घरात असला तर उठून जातो. मीही विचारत नाही. त्याचं नाव निघत नाही आमच्यात."

"पण त्याला माहीत आहे."

"खातं त्याचंच आहे, तिने फक्त त्यावर स्वतःचं नाव टाकलंय आणि मला त्यात घातलंय. माहीत कसं नसेल?"

 मला रडू येत नव्हतं. मला फक्त समजत नव्हतं की मी इतकी वर्षं काय करत होते.

"अण्णा, आईच्या तेराव्याला तुम्ही मला आतल्या खोलीत बोलावलंत. बाहेर पंगत बसली होती. तुम्ही म्हणालात, मी हवा असेन तर त्याचा नंबर फोनमधून काढून टाक. माझ्यासमोर काढ. मी काढला. त्याने भाऊबीजेला पाठवलेली साडी मी पोस्टाने परत पाठवली. दोनदा तो कॉलेजच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला, मी मागच्या दाराने गेले. तुमच्यासाठी. आणि तुम्ही इथे बसून त्याच्या मुलीला गाड्या सोडताय?"

"हो."

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"काय सांगणार होतो? की मी माझा शब्द मोडला? तू इतका पाळलास, हेमा. तुझ्यापुढे मला लाज वाटायची." ते थांबले. "आणि तू कधी म्हणाली नाहीस."

"काय?"

"की अण्णा, आता पुरे. एवढंच. अकरा वर्षांत एकदाही नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी वाट बघायचो. दर भाऊबीजेला वाटायचं, आज ही म्हणेल, आणि मी थोडं चिडेन आणि मग हो म्हणेन. तू ओवाळणीचं तबकच काढायची नाहीस. मग मला वाटलं, हिचा राग माझ्यापेक्षा खरा आहे. आईला त्याने नेलं, हे हिला माझ्यापेक्षा जास्त लागलंय. मग मी कसा मऊ पडणार?"

खिडकीतून खालच्या पोरांचा क्रिकेटचा आवाज येत होता. कोणीतरी आऊट आहे की नाही यावरून भांडत होतं. मी ते भांडण पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "अण्णा, आईला त्याने नाही नेलं."

"म्हणजे?"

"त्याने नेलं, पण मी सांगितलं म्हणून."



आईच्या पोटात गाठ निघाली होती. अण्णांचा वैद्यांवर विश्वास होता, औषध चालू होतं, आणि आई दर आठवड्याला एक एक घास कमी खात होती. अण्णांना मी दोनदा म्हटलं होतं की मुंबईला दाखवू. त्यांनी ऐकलं नव्हतं. दादा तेव्हा मुंबईत औषधांच्या कंपनीत होता. एका दुपारी मी स्टाफरूममधून त्याला फोन केला. म्हटलं, तू गाडी घेऊन ये आणि आईला ने. अण्णा माझं ऐकणार नाहीत, तुझ्याशी भांडतील पण तू थांबू नको. आणि माझं नाव सांगू नको, मला इथेच राहायचंय. तो शनिवारी आला. भांडण झालं. आई स्वतः चालत जाऊन गाडीत बसली. मंगळवारी ऑपरेशन झालं, पुढच्या शुक्रवारी ती गेली. अण्णा शनिवारच्या पहिल्या गाडीने निघणार होते. त्यांचं तिच्याशी शेवटचं बोलणं गाडीच्या काचेतून झालं, आणि ते रागाचं होतं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. याच क्रमाने, वर्गात सांगते तसं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"तेराव्याला मी त्याला सगळ्यांसमोर बोललो, तेव्हा तू कुठे होतीस?"

"वाढत होते."

"ऐकत होतीस?"

"हो."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. कपबशी धुतल्याचा, मग तीच पुन्हा धुतल्याचा. बाहेर आले तेव्हा बाह्या ओल्या होत्या.

"घरी जा, हेमा," ते म्हणाले. "ऋचा वाट बघत असेल."

त्यानंतर मी रोज फोन केला. ते उचलायचे, "बरा आहे" म्हणायचे आणि ठेवायचे. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी उचललाच नाही. मी किल्लीने दार उघडलं. अंथरूण घडी करून ठेवलेलं, गॅसचा खटका बंद, कुंड्यांना भरपूर पाणी घातलेलं. भोईटेकाकू म्हणाल्या, पहाटेच बॅग घेऊन गेले, मला म्हणाले स्टँडवर चाललोय.

स्टँडवर मी तीन फेऱ्या मारल्या. निरंजन रेल्वे स्टेशनवर जाऊन आला. अण्णांचा फोन बंद होता. दादाला फोन करावा हे मला सुचलं आणि त्याच क्षणी आठवलं की नंबर माझ्याकडे नाही. मावशीला फोन लावून तो मागायची माझी हिंमत होत नव्हती. संध्याकाळी सातच्या सुमाराला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हेमे," पलीकडून आवाज आला. मला हेमे म्हणणारं जगात एकच माणूस आहे. "अण्णा पोचले इथे. दमलेत, पण ठीक आहेत. काळजी करू नको."

मी "बरं" म्हणाले.  मला वाटलं, तो ठेवेल.

"तू कशाला सांगितलंस त्यांना?" तो म्हणाला.

"खरं होतं म्हणून."

"खरं होतं ते मलाही माहीत होतं. अकरा वर्षं होतं की माहीत. मी काय सांगू शकलो नसतो?"

"मग का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली होतीस ना, नाव सांगू नको," तो म्हणाला. जणू काही मी त्याला भाजी आणताना कोथिंबीर नको म्हटलं होतं. मग म्हणाला, "आणि त्यांच्याजवळ दोघांतलं एक तरी राहायला हवं होतं. मी मुंबईत होतो, तू सातारला. मग तूच राहायला हवी होतीस. त्यात एवढं काय?"

 तो माझं रडणं संपेपर्यंत थांबला. मागे मिठूचा आवाज येत होता, ती अण्णांना खोली दाखवत होती.

"दादा, त्यांनी काय विचारलं तुला?"

"आल्या आल्या, दारातच. चप्पल पण काढली नव्हती. म्हणाले, हेमाने तुला फोन केला होता का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही."

"दादा!"

"अगं, तोंडातून निघून गेलं. इतकी वर्षं तेच घोटून ठेवलेलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, तुम्हा दोघांतलं एक खोटं बोलतंय, आणि मी बाप असून मला कळत नाहीये की कोण. मग मिठूने त्यांची बॅग ओढली आणि ते आत गेले."

पंचाहत्तरावा वाढदिवस अण्णांनी बडोद्याला केला. आम्हाला व्हिडिओ कॉलवर केक दिसला. मिठूने माझ्यासाठी, निरंजनसाठी आणि ऋचासाठी झंकारचं निमंत्रण पाठवलं, पण त्यांच्या कुटुंबात दोनच जागा शिल्लक होत्या. ऋचा आणि मी आमची योजना सोडून तिकडे गेलो. निरंजन म्हणाला, मला जाहिराती आवडतात. सासूबाईंनी असल्या कशात पडायला साफ नकार दिला. माझा तक्ता कुठे गेला ते मी शोधलं नाही.

अण्णा दीड महिना तिकडे राहिले. एप्रिलमध्ये दादाच त्यांना गाडीने सोडायला आला. त्याच्या केसांत पांढरं बरंच होतं आणि तो आत यायच्या आधी उंबऱ्यापाशी घुटमळला. मी त्याला आत ओढलं. आम्ही दोघं एकमेकांकडे नीट बघत नव्हतो. अण्णा मधल्या खुर्चीत बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते, स्टँडवर दोन गाड्या एकाच फलाटावर लागल्यावर बघायचे तसे.

दादा हात धुवायला आत गेला तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "अण्णा, तुम्ही रागावलात माझ्यावर?"

त्यांनी थोडा विचार केला. खरंच केला, मी त्यांच्या चेहऱ्यावर तो पाहिला.

"कोणावर रागवायचं ते अजून ठरत नाहीये," ते म्हणाले. "तुझ्यावर, त्याच्यावर, की माझ्यावर. ठरलं की सांगतो."

त्यानंतर अण्णा चार वर्षं जगले. दादा दर दिवाळीला येत राहिला, मिठू सुट्टीत महिनाभर येऊन राहायची, आणि त्या काळात आम्ही एकत्र बसून पुष्कळ बोललो, पण त्या विषयावर ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं ठरलंच नाही, की ठरलं आणि त्यांनी सांगितलं नाही, हे मला आजही माहीत नाही.